जनगणनेत शहर, कारभारात गाव : माजरी

नागपूरहून बल्लारशाहकडे निघालेली गाडी वरोरा सोडते आणि भांदक यायच्या आधी माजरी जंक्शन लागते. दिल्ली-चेन्नई हा मोठा लोहमार्ग सरळ पुढे जातो. इथून फुटलेला फाटा वर्धा नदी ओलांडून वणी, पिंपळखुटीमार्गे आदिलाबादकडे वळतो. रुळांवर कोळशाच्या वाघिणी उभ्या असतात. वस्तीत शिरावे तर अंगणातल्या तुळशीच्या पानावरही काळी पूड दिसते. सकाळी पुसले तरी संध्याकाळी पुन्हा बोट काळे होते.

माजरी चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यात आहे. गावाची ओळख कोळशाने घडवली. 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि स्थापन झाली आणि आज वेकोलिच्या एका क्षेत्राला माजरीचेच नाव आहे. पाळी सुटली की डबा घेतलेले कामगार रस्त्याला लागतात. त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी वळणाच्या मराठीबरोबर हिंदी आणि तेलुगूही मिसळलेली असते.

बहुतेक कामकरी पुरुष शेतीबाहेर राबत असतील, लोकसंख्या किमान 5,000 असेल आणि वस्ती दाट असेल, तर जनगणना अशा गावाला ‘जनगणना शहर’ म्हणते. माजरीची गणना त्यातच होते. पण हे शहरपण मोजणीपुरतेच. कारभार ग्रामपंचायतीचा, वर भद्रावतीची पंचायत समिती आणि चंद्रपूरची जिल्हा परिषद. नगरपरिषदेचे अधिकार नाहीत, तशी यंत्रणाही नाही. त्यात वसाहतीची क्वार्टर्स कंपनीची आणि बाहेरची वस्ती पंचायतीची, म्हणून नाली तुंबली की आधी ती कोणाच्या हद्दीत येते हे ठरवावे लागते.

नदीपलीकडे तर सीमांचा गुंता आणखी वाढतो. वर्धा ओलांडली की यवतमाळ जिल्हा आणि अमरावती विभाग सुरू होतो. अलीकडे चंद्रपूर जिल्हा आणि नागपूर विभाग. तरीही वणी आणि माजरी दोन्हींचा खासदार एकच, कारण वणी विधानसभा मतदारसंघ चंद्रपूर लोकसभेत येतो. पुराला मात्र या रेषा ठाऊक नसतात. जुलै 2022 मध्ये वर्धेला महापूर आला, तेव्हा दोन्ही काठांना त्याची झळ बसली.

माजरीचा प्रश्न वेगळा का, हे शेजारच्या गडचिरोलीशी ताडून पाहिले की कळते. पूर्वीच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या 22,04,307 होती, गडचिरोलीची 10,72,942. चौरस किलोमीटरला चंद्रपुरात सुमारे 193 माणसे, गडचिरोलीत अवघी 74. तिकडे प्रशासनापुढे जंगलातल्या विखुरलेल्या पाड्यांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न आहे, तर इकडे खाणीभोवती दाटलेल्या वस्तीला गाव म्हणून चालवण्याचा. लोकसंख्येचा आकडा तेवढा पाहिला तर हा फरक हाती लागत नाही.

खाणबाधित भागासाठी 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्याच्या निधीवर पहिला हक्क कोळशाची धूळ खाणाऱ्यांचा आहे. शेजारच्या घुग्घुसला नगरपरिषद मिळाली. माजरीच्या दर्जाचाही विचार गांभीर्याने व्हायला हवा. 2027 च्या जनगणनेचे प्रगणक माजरीच्या दारोदारी येतील. त्यांनी माणसे मोजून नेल्यावर शहराचे पाणी, शहराची नाली आणि शहराचा दवाखानाही त्या दारांपर्यंत यायला हवा.