पेशींचे पहारेकरी

घरात मेंदूच्या कर्करोगाचे निदान झाले की औषधोपचाराच्याही आधी एक प्रश्न दबक्या आवाजात निघतो: 'हे कुणाच्या घराण्यातून आले?' आमच्या पांडेसऱ्यात खानदेशातून येऊन स्थिरावलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या सोयरिकीच्या बैठकीतही हा प्रश्न पोहोचतो आणि एखाद्या निरपराध मुलीचे लग्न अडते. विज्ञानाचे उत्तर मात्र पुष्कळ निराळे आहे.

पेशीचे विभाजन होताना तिच्यातील जनुकांची नक्कल होते व नकलेत चुका राहतात. त्यांवर लक्ष ठेवणारी काही प्रथिने पेशीतच असतात. गाठीला आवर घालणारी म्हणून त्यांना अर्बुदरोधक प्रथिने म्हणतात. छपाईच्या कारखान्यात कापडावरचा ठसा सरकताच यंत्र थांबविणारा जाणता कारागीर आपल्या परिचयाचा आहे. तसेच हे काम. त्यांपैकी 'पी-५३' हे १९७९ साली सापडले. गंमत अशी की, प्रथम शास्त्रज्ञ त्यालाच गुन्हेगार समजत होते. तो पहारेकरी असल्याचे १९८९ मध्ये उमगले! बिघाड दिसताच ते विभाजन रोखते, दुरुस्तीस अवधी देते आणि दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला मृत्यूच्या वाटेला लावते. 'पीटेन' हे दुसरे प्रथिन १९९७ मध्ये गवसले. प्रौढांना होणाऱ्या ग्लायोब्लास्टोमा या उग्र कर्करोगात ते पुष्कळदा नाहीसे झालेले आढळते.

हे पहारेकरी बहुतेक रुग्णांत जन्मानंतर, मेंदूतील एखाद्या पेशीतच निकामी होतात. असा दोष आईबापांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जातही नाही.

अपवाद आहेत, आणि ते लपवू नयेत. मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमाचे चार मुख्य गट मानले जातात. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत डॉ. नीलम शिरसाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावरूनही गट ओळखणारी चाचणी विकसित करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. यांतील 'डब्ल्यूएनटी' गटातील बहुसंख्य मुले उपचारांनी बरी होतात. 'एसएचएच' गटात मात्र पी-५३ बिघडलेले असेल तर रोग हट्टी ठरतो, आणि तो बिघाड उपजत असण्याचा संभवही मोठा असतो. तेव्हा घराण्याची चौकशी अवश्य व्हावी. पण ती डॉक्टरांनी करावी, सोयऱ्यांनी नव्हे. दोष उपजत असेल तर किरणोपचारामुळे पुढे दुसरा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो आणि उपचारांची आखणी त्या बेताने करावी लागते.