अमरावतीची हवा आणि अकोल्याचे ऊन

वऱ्हाडातील घराघरांत एके काळी चूल पेटे ती पऱ्हाटीवर. कापूस वेचून झाला, की शेतात वाळत उभी राहिलेली झाडे उपटून गाडीने गावात येत आणि वर्षभराचे सरपण परसात रचले जाई. आज शहरातील चूल गॅसवर आली, खेड्यातीलही बऱ्याच अंशी आली. परंतु कपाशीचा पेरा काही थांबलेला नाही. पऱ्हाटीला आता पूर्वीइतके गिऱ्हाईक नसल्यामुळे ती पुष्कळ ठिकाणी शेतातच जाळली जाते. स्वयंपाकघरातून निघालेला धूर अशा रीतीने बांधावर जाऊन बसला आणि वारा त्याला शहरात परत आणतो.

२०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला. ज्या शहरांची हवा ठरविलेल्या मानास सतत उणी पडत होती, त्यांच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर यांच्या पंगतीला अमरावती आणि अकोला ही दोन्ही नावे होती. मोठ्या कारखान्यांची येथे गर्दी नाही. मग हा दोष आला कोठून? त्याचे बरेचसे उत्तर पायाखालच्या मातीत आहे. वऱ्हाडची काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि चाकाखाली सापडली म्हणजे तिचे पीठ होते. डांबरी रस्त्याच्या दोहों बाजूंस जी उघडी कड राहते, तीवर हे पीठ साठते. प्रत्येक गाडी ते उडविते आणि ते पुन्हा खाली बसते. एकच मूठभर धूळ अशी दिवसभरात कितीतरी वेळा हवेत जाऊन येत असते.

धुळीतील जे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात, ते श्वासाबरोबर आत शिरतात. एक घनमीटर हवेत अशा कणांचे वजन वर्षाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतातील मान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अवघे १५ सांगितले. यावरचे उपाय अगदी साधे, किंबहुना नीरस आहेत. रस्त्याच्या कडा फरसबंद करणे, धूळ शोषून घेणाऱ्या यंत्राने झाडलोट करणे, बांधकामाचा राडारोडा झाकून नेणे, कचरा पेटू न देणे, झाडे लावणे. अशा कामांचे उद्घाटन करण्यात कोणास फारशी गोडी वाटत नाही, तरी हवा सुधारते ती यांनीच.

अमरावती महानगरपालिकेने या कामांत नाव मिळविले, हे मान्य केले पाहिजे. तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांच्या गटात स्वच्छ वायू सर्वेक्षणात तिला २०२३ मध्ये पहिला, २०२४ मध्ये दुसरा आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिला क्रमांक मिळाला. शेवटच्या खेपेस तर २०० पैकी २०० गुण पडले आणि ७५ लाख रुपयांचे पारितोषिक आले.

मात्र हे गुण कशाचे, ते पाहिले पाहिजे. परीक्षेचे विषय आठ. कचरा व पालापाचोळा जाळणे, रस्त्याची धूळ, राडारोडा, वाहने, उद्योग, लोकजागृती वगैरेंविषयी काय केले, याची तपासणी त्यांत होते; प्रत्यक्ष हवेतील कण किती घटले, हा त्यांपैकी एकच विषय. वही नीटनेटकी ठेवल्याचे आणि गणित सुटल्याचे गुण एकाच बेरजेत घालावेत, तसा हा प्रकार होय. शिवाय मोजणीचा भर जाड धुळीवर आहे. जळण्यातून निघणारे याहून चौपट बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, रक्तातही उतरतात. रस्ता झाडून ते जात नाहीत.

आणि जळण्याचा मोठा कारभार तर शहराच्या हद्दीबाहेर चालतो. अमरावतीनजीक नांदगावपेठ येथे प्रत्येकी २७० मेगावॅटच्या पाच संचांचे, तर अकोला जिल्ह्यात पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॅटच्या दोन संचांचे केंद्र आहे. दोन्ही कोळशावर चालणारी. कोळशाच्या केंद्रास विजेच्या एका युनिटामागे साधारण तीन लिटर पाणी लागते. अमरावतीच्या नळास येणारे पाणी ज्या अप्पर वर्धा धरणाचे, त्याच धरणाचे पाणी नांदगावपेठच्या केंद्रास देण्याचे ठरले, तेव्हा सिंचनाचे पाणी जाते म्हणून शेतकऱ्यांनी विरोध केला, तो काही अकारण नव्हे.

अकोल्यात २०२४ च्या मे महिन्यात उष्म्यामुळे जिल्हा प्रशासनास कलम १४४ लावावे लागले. ज्या उन्हाची एवढी धास्ती, त्यातूनच वीज काढावी, हा विचार साहजिक आहे. छपरावर एक किलोवॅटच्या संचास सुमारे शंभर चौरस फूट जागा पुरते आणि दिवसास सरासरी चार युनिटे मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचे साहाय्य ठरविले आहे. तथापि ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, हा समज खरा नाही. संचाची क्षमता पट्टीचे तपमान २५ अंश धरून सांगितलेली असते. मे महिन्यात काळी पट्टी ६५ अंशांपर्यंत तापते आणि उत्पन्न सुमारे एक सप्तमांशाने घटते. म्हणून पट्ट्या गच्चीला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल इतक्या उंचीवर बसवाव्यात; त्यांच्या सावलीने खालची खोलीही कमी तापते.

रात्रीचा प्रश्न उरतोच. वऱ्हाडातील कूलर पहाटेपर्यंत चालतात, सूर्य मात्र सायंकाळी मावळतो. दिवसाची शिल्लक वीज मीटरमार्फत कंपनीस द्यावयाची आणि रात्री परत घ्यावयाची, अशी सोय आहे खरी. पण रात्री परत मिळणारी वीज बहुतांशी कोळशाचीच असते. त्यातल्या त्यात कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, म्हणून वाळ्याचा किंवा गवताचा कूलर दीडदोनशे वॅटमध्ये जे काम करतो, त्यासाठी वातानुकूल यंत्रास हजार-दीड हजार वॅट लागतात. त्याला पाणी हवे, ही अडचण टंचाईच्या वर्षी जाणवते. पाणी पट्ट्या धुण्यासही लागते, कारण काळ्या मातीची धूळ छपरालाही सोडीत नाही. हे धुणे पहाटे उरकावे. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकल्यास ती तडकण्याचे भय असते.