उन्हाची वीज

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लेख लिहावा, हा थोडा आगाऊपणाच आहे. आमचा प्रांत संतवाङ्मयाचा आणि लोकगीतांचा. तरीही हे धाडस करतो आहे, कारण वीज हा आमच्या घरात वर्षानुवर्षे रात्री अकरा वाजता सुरू होणारा विषय होता.

आमचे गाव नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात. शेतीपंपाला काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास वीज, अशी पाळी असे. रात्रपाळी आली की अण्णा बॅटरी आणि काठी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघत. ते परत येईपर्यंत आई जागी. एका हिवाळ्यात दारे धरताना त्यांच्या पायाजवळून घोणस गेली. चावली नाही, म्हणूनच हा लेख या सुरात लिहिता येतो आहे. पुढे शेतात सौरपंप बसला. त्या काळ्यानिळ्या पाट्यांत नेमके घडते तरी काय, हे सांगणारे गावात कुणी भेटेना. शेवटी लातूरला शिकायला आल्यावर मीच वाचून काढले.

पाटीत असते सिलिकॉन, म्हणजे वाळूतले मूलद्रव्य. त्याच्या पातळ चकतीच्या एका बाजूत स्फुरदाचा आणि दुसऱ्या बाजूत बोरॉनचा अगदी नाममात्र अंश मिसळतात. त्यामुळे एकीकडे इलेक्ट्रॉन जादा होतात, दुसरीकडे त्यांची उणीव राहते आणि दोहोंच्या सीमेवर एक विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशाचा कण आदळून इलेक्ट्रॉन सुटा झाला, की हे क्षेत्र त्याला एकाच दिशेने लोटते. बाहेरून तार जोडली की झाला प्रवाह सुरू! काही जळत नाही, काही फिरत नाही. प्रकाशापासून वीज निघते हे फ्रान्समधल्या एडमंड बेकेरेल यांनी 1839 सालीच पाहिले होते. परंतु कामाचा असा सिलिकॉनचा घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1954 साली तयार झाला. तो उन्हाचा जेमतेम 6 टक्के भाग विजेत बदलत असे. आजच्या चांगल्या पाट्या 20 टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत.

आता एक गैरसमज. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असे आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मीही चालत होतो. वास्तविक पाटीला हवा असतो प्रकाश, उष्णता नव्हे. तिची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के घट होते. मे महिन्यात नांदेडला पारा 43 वर गेला की पाटी स्वतः 65 अंशांपर्यंत तापू शकते. म्हणजे भर दुपारी बारा ते सोळा टक्के वीज उन्हानेच खाल्ली! स्वच्छ आकाशाचा, गार वाऱ्याचा फेब्रुवारी तिला अधिक मानवतो.

मराठवाड्याच्या दृष्टीने मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पाण्याची बाब. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, वाफेवर जनित्र फिरवतात आणि ती वाफ थंड करायला पुन्हा पाणी लागते. 2013 च्या फेब्रुवारीत परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. त्याच वर्षी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौरप्रकल्प उभा राहिला. पुढे 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या मुलखात प्यायला पाणी रेल्वेने येते, तिथे वीज करायला पाणी कोठून आणणार? पाटीला पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते.

शासनाचेही लक्ष इकडे वळले आहे. 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. 2024 च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जातीजमातींच्या शेतकऱ्यांनी 5 टक्के; आणि जमिनीप्रमाणे 3 ते 7.5 अश्वशक्तीचा पंप घ्यायचा. गावातल्या धाब्याच्या अन् स्लॅबच्या घरांसाठी निराळी योजना आहे. एक किलोवॅटच्या पाट्या सरासरीने दिवसाला चारएक युनिट देतात, एवढे ध्यानात ठेवले की घरचा हिशेब ज्याचा त्याला मांडता येईल.

पण सारेच गोड आहे असे नव्हे. रात्री पाटी झोपते आणि आषाढात ढग दाटले की मोटार धाप टाकते. त्याहून मोठा धोका आमच्याच शेतात दिसला. बिल नाही, रात्रपाळी नाही. मग मोटार बंद कशाला करायची? पहिल्या उन्हाळ्यात ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली आणि एप्रिलात बोअरने पाण्याऐवजी फेस टाकला. ऊन फुकट आहे, जमिनीखालचे पाणी फुकट नाही, हे आम्हाला त्या फेसाने शिकवले. शेजारच्या दोन बोअरही त्याच महिन्यात आटल्या. त्यातला आमचा वाटा किती, हा प्रश्न अण्णांनी घरात कुणाला विचारू दिला नाही.

आता ते ठिबकवर पाणी देतात आणि दुपारच्या आत मोटार बंद करून येतात. रात्री वेळेवर झोपतात. आई मात्र अजूनही मधूनच उठून दाराशी जाते.