भाषा कळत नाही, तरी गाणे आवडते! ब्राझीलच्या हलक्याफुलक्या प्रेमगीतात असते काय?

वेंगुर्ल्याचा काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांच्या गलबतांतून तो गोव्यात उतरला आणि कोकणभर पसरला. ‘काजू’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. त्याच ब्राझीलची प्रेमगीते आता मालवणात बसून मोबाइलवर ऐकता येतात. एक शब्द कळत नाही, तरी चेहऱ्यावर हसू येते. का?

त्यासाठी १९५८ मध्ये जावे लागेल. जोआव जिल्बेर्तो या गायकाने तेव्हा रिओमध्ये गिटार हाती घेऊन आवाज खाली आणला. तोवर तिथले बरेचसे प्रेमगीत म्हणजे मोठा वाद्यवृंद आणि गळा काढून केलेला विलाप. समोर मायक्रोफोन असताना ओरडायचे कशाला? सांबाचा अख्खा ताफा त्याने एका गिटारीत बसवला. अंगठा ढोलाचा संथ ठेका धरतो, बाकीची बोटे त्याला आडवे जाणारे ठोके देतात आणि आवाज या दोहोंच्या किंचित मागेपुढे रेंगाळतो. त्यामुळे गाणे नांगरलेल्या होडीसारखे जागच्या जागी डुलते. हीच ‘बोसा नोव्हा’ शैली. तिला शांतता लागते. किनाऱ्यावर डीजे सुरू झाला की संपलेच.

‘देझाफिनादो’ म्हणजे ‘बेसूर’ हे यातले सर्वांत खट्याळ गाणे. चाल आंतोनियो कार्लोस जोबिम यांची, शब्द न्यूटन मेंदोन्सा यांचे. प्रेयसीने बेसूर म्हटल्यामुळे प्रियकर रुसला आहे. बेसुऱ्यालाही मन असते, असा त्याचा युक्तिवाद. भांडणात तो आपला रोलायफ्लेक्स कॅमेराही साक्षीला काढतो! गंमत चालीत आहे. सूर अशा अनपेक्षित जागी ठेवलेत की अचूक गायले तरी घसरल्यासारखे वाटावे. थोडक्यात, इथे बेसूर वाटायलाही गळा पक्का लागतो. हलके गाणे म्हणजे सोपे गाणे, असे समजणाऱ्यांनी हे एकदा गाऊन पाहावे.

असला खट्याळपणा आपल्याला परका नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथली ‘हांव सायबा पलतडी वैतां’ ही देखणी मालवणी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. दामूच्या लग्नाला निघालेली नर्तकी नावाड्याला पलीकडे न्यायची गळ घालते. १९७३ च्या ‘बॉबी’त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी हीच चाल वापरली. ती एकेक दागिना पुढे करते, तो नको नको म्हणतो. घासाघीस उतराईची, पण ऐकणाऱ्याला कळायचे ते कळते.