चित्र नको, आकडे हवेत

केप टाउनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९५५ साली नोकरी सोडली. किरणोत्सारी समस्थानिकांच्या वापरावर पात्र माणसाची देखरेख हवी असा कायदा होता, म्हणून विद्यापीठात शिकवणाऱ्या ॲलन कॉर्मॅक यांना गळ घातली गेली. १९५६ च्या पहिल्या सहामाहीत ते आठवड्यातला दीड दिवस रुग्णालयात काढू लागले. तिथे रेडिओथेरपीची आखणी पाहून ते चक्रावले. डोसचे तयार तक्ते एकावर एक ठेवायचे, बेरीज करायची आणि शरीर आतून सगळीकडे सारखंच आहे असं गृहीत धरायचं. वाटेत फुप्फुस येवो की हाड, हिशेब तोच.

सीटी स्कॅनची कल्पना निदानातून आली असा सर्वसाधारण समज आहे. कॉर्मॅक यांना मात्र सुरुवातीला चित्र नकोच होतं. शरीराचा कुठला कण किरण किती शोषतो, एवढा आकडा त्यांना हवा होता.

१९५७ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या दंडगोलाभोवती लाकडाचं कडं बसवून आरपार जाणाऱ्या किरणांचं मोजमाप घेतलं. गणित जुळलं, पण केंद्राजवळचे तीन बिंदू जरा वेगळ्याच उताराच्या रेषेवर बसले. चौकशी केली तेव्हा वर्कशॉपमधून कळलं की दंडगोलाच्या गाभ्यात किंचित कमी शोषणाची एक खुंटी ठोकलेली होती. पद्धतीने ती न सांगता पकडली होती! १९६३ आणि ६४ साली त्यांचे निबंध छापून आले, पण दखल जवळपास कोणीच घेतली नाही. निबंधाच्या प्रतीसाठी लक्षात राहण्याजोगी एक मागणी आली ती स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राकडून.

लंडनमध्ये ईएमआय कंपनीचे गॉडफ्री हाउन्सफील्ड स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यांच्या यंत्राने पाहिला. अर्धवर्तुळात १८० कोन, प्रत्येक कोनातून १६० नोंदी आणि त्यातून ८० बाय ८० चौकटींचं चित्र. १९७९ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

रेडिओथेरपी विभागात तोवर काय चाललं होतं? शिशाची लवचीक तार रुग्णाच्या अंगावर दाबून तिचा आकार कागदावर गिरवायचा, एक्स-रे फिल्मवरून गाठीचा अंदाज बांधायचा आणि त्या बाह्यरेषेत हाताने डोसच्या रेषा काढायच्या. नोबेलच्याच वर्षी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून मायकेल गॉयटीन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ७७ रुग्णांचं नियोजन सीटी पाहून पुन्हा तपासलं, तर सुमारे निम्म्यांचे उपचार बदलावे लागले. गाठ होती तिथे किरण पुरेसे पोहोचतच नव्हते, असेही रुग्ण त्यात होते.

तरी निदानाचा सीटी उपचाराच्या आखणीला जसाच्या तसा चालत नाही. पहिली अडचण टेबलाची. निदानाच्या यंत्रात ते खोलगट असतं, उपचाराच्या यंत्रावर सपाट. पाठ एकीकडे वाकली आणि दुसरीकडे सरळ झाली की आतले अवयवही सरकतात. दुसरी अडचण आकड्यांची. हाउन्सफील्ड मापनात पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास. हे आकडे साधारण १२० किलोव्होल्टच्या किरणांचे. उपचाराचे किरण मेगाव्होल्टचे, आणि त्यांचं शोषण मुख्यतः पेशीजालातल्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरतं. म्हणून माहीत घनतेच्या कांड्या बसवलेला फँटम, म्हणजे शरीराऐवजी वापरायचा नमुना, स्कॅन करून दर यंत्राचा स्वतंत्र तक्ता बनवतात. व्होल्टेज बदललं की हाडाचे आकडे हलतात, त्यामुळे नियोजनाच्या सीटीत ते बटण कोणी सहज फिरवत नाही.

१९८९ च्या सुमारास सर्पिल सीटी आला आणि बारीक, सलग छेद झटपट मिळू लागले. नव्वदच्या दशकात खास नियोजनासाठीचे सीटी-सिम्युलेटर रुळले. नेहमीच्या ७० सेंटिमीटरच्या भोकात हात डोक्यावर घेतलेली स्तनाच्या कॅन्सरची रुग्ण मावेना, तेव्हा ते ८५ सेंटिमीटरपर्यंत रुंद झालं.

महाराष्ट्रात ‘लाईट घ्यायला’ आलेल्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाची सुरुवात आज सीटी-सिम्युलेटरच्या खोलीत होते. थर्मोप्लास्टिकची जाळी सुमारे ७० अंशांच्या पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात. काही मिनिटांत तिचा घट्ट मास्क होतो. भिंतीवरच्या लेझरच्या रेषा त्यावर जिथे छेदतात तिथे शिशाचे बारीक मणी चिकटवतात. पुढे रोज रुग्णाला जागेवर आणायचं ते या खुणांच्या आधाराने. दाढेत चांदी भरलेली असेल तर चित्रात चरे उमटतात आणि आसपासचे आकडे खोटे निघतात. मग फिजिसिस्ट तेवढा भाग रेखून तिथे हाताने खरी घनता भरतो. कंटाळवाणं काम, पण टाळता येत नाही.

फुप्फुसातली गाठ श्वासाबरोबर वरखाली होते. २००० नंतर आलेल्या चतुर्मित सीटीत श्वासाचे सहसा दहा टप्पे करून प्रत्येकाचं वेगळं चित्र मांडतात.

खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले आणि आकड्यांचा प्रश्न आणखी टोकदार झाला. एक्स-रे शरीरातून पार जातात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो, आणि ती खोली सीटीच्या आकड्यांवरूनच काढावी लागते. या हिशेबात साधारण साडेतीन टक्क्यांची सूट धरायचा प्रघात आहे, म्हणजे १५ सेंटिमीटर खोलीवर सुमारे ५ मिलिमीटर. ती आक्रसावी म्हणून आता काही ठिकाणी एकाच रुग्णाचा सीटी दोन वेगवेगळ्या व्होल्टेजवर काढतात.