कौटुंबिक कर्जफेडीतील सातत्य आणि प्रेरणा : एक विवेचन

प्रस्तावना

गृहकर्ज, वाहनकर्ज, सोनेतारण, पतसंस्थेचे कर्ज, क्रेडिट कार्डावरील थकबाकी, आप्तेष्टांकडून घेतलेली हातउसनी रक्कम आणि वाण्याची उधारी असे कर्जाचे अनेक प्रकार आज मध्यमवर्गीय घरात एकाच वेळी आढळतात. ‘ऋण काढून सण साजरा करू नये’ हा उपदेश कर्ज घेण्यापूर्वी उपयोगी पडतो. कर्ज झाल्यानंतर मात्र कुटुंबापुढील प्रश्न निराळा असतो. काटकसरीचा संकल्प उत्साहाने केला जातो आणि काही महिन्यांतच तो विरून जातो, असे का घडते? या अपयशाचे खापर सहसा घरातील एखाद्या व्यक्तीच्या उधळेपणावर फोडले जाते. वस्तुतः उमेद टिकणे हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नाही. कर्जफेडीची मांडणी कशी केली आहे आणि ती घरातील किती जणांना दिसते, यावर ते मुख्यतः अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

उमेद खचण्याचे आर्थिक कारण

समजा, एका कुटुंबाने २० लाख रुपयांचे गृहकर्ज ९ टक्के वार्षिक दराने २० वर्षांसाठी घेतले. त्याचा समान मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये व्याजापोटी जातात व मुद्दल केवळ २,९९५ रुपयांनी घटते. पाच वर्षांत कुटुंब सुमारे १० लाख ८० हजार रुपये भरते. परंतु मुद्दल सुमारे सव्वादोन लाखांनीच कमी झालेले असते. निम्मे मुद्दल फिटण्यास सुमारे १४ वर्षे लागतात. अशा वेळी बँकेचे विवरणपत्र पाहून ‘एवढे भरूनही काहीच हलले नाही’ अशी भावना निर्माण होणे स्वाभाविक आहे. हा कोणाच्या स्वभावाचा दोष नसून हप्त्याच्या गणिताचा परिणाम आहे, हे सर्वांना समजावून सांगणे ही प्रेरणेची पहिली पायरी होय.

याच गणिताची दुसरी बाजू आशादायक आहे. पाच वर्षांच्या अखेरीस, दर व हप्ता कायम ठेवून, १ लाख रुपये जादा भरल्यास उरलेल्या १८० हप्त्यांपैकी सुमारे २० हप्ते कमी होतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क आकारण्यास भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली, त्यामुळे अशी फेड सुकर झाली आहे. बोनसची रक्कम भरल्यावर ‘१७ लाख ७४ हजारांचे १६ लाख ७४ हजार झाले’ असे म्हणण्याऐवजी ‘वीस हप्ते वाचले’ असे म्हटले, तर त्याच रकमेचे मोल घरातील प्रत्येकास सहज उमगते.

कोणते कर्ज आधी फेडावे?

अनेक कर्जे असताना सर्वाधिक व्याजदराचे कर्ज आधी फेडावे, असे अर्थशास्त्र सांगते. मोटी अमार व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र असे दिसून आले की, माणसे खात्यांची संख्या कमी करण्यासाठी लहान कर्जे आधी मिटवतात आणि त्यामुळे अधिक व्याज भरतात. याउलट, डेव्हिड गाल व ब्लेक मॅक्शेन यांनी २०१२ साली कर्जनिवारण कार्यक्रमातील व्यक्तींच्या माहितीच्या आधारे दाखवून दिले की, खाती बंद करण्यात यश मिळवणारे लोक संपूर्ण कर्जमुक्त होण्याची शक्यता अधिक असते.

या दोन निष्कर्षांचा मेळ एका उदाहरणाने घालता येईल. समजा, क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपये (दरमहा ३ टक्के व्याज) आणि नातेवाइकांचे १५,००० रुपये (बिनव्याजी) असे देणे आहे. कुटुंब दरमहा ७,००० रुपये काढू शकते आणि कार्डावरील नवी खरेदी बंद आहे. सर्व रक्कम आधी कार्डाकडे वळवल्यास, कर व इतर शुल्क वगळता, एकूण व्याज सुमारे ४,५५८ रुपये पडते व पहिले खाते सातव्या महिन्यात बंद होते. कार्डावर दरमहा २,००० रुपये भरून उरलेले ५,००० रुपये नातेवाइकांना दिल्यास पहिले देणे तिसऱ्याच महिन्यात मिटते. मात्र व्याज सुमारे ७,५३१ रुपये होते. दोन्ही मार्गांनी पूर्ण कर्जमुक्ती नवव्या महिन्यातच मिळते. म्हणजे लवकर मिळणाऱ्या दिलाशाची किंमत येथे सुमारे ३,००० रुपये आहे. ती मोजायची की नाही, हे कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. नातेवाइकांशी संबंध ताणले गेले असतील, तर ती किंमत मोजणे अवाजवी ठरणार नाही. तसे नसेल, तर कार्डाचेच दहा-दहा हजारांचे चार टप्पे पाडावेत. टप्पा पूर्ण होण्याचे समाधान त्यातूनही लाभते.

घराची बैठक

महाराष्ट्रातील महिला बचत गटांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब या पंचसूत्रीवर गटाचे कामकाज चालते. कोणी किती भरले हे सर्वांसमोर नोंदले जाते. घरात मात्र बहुधा याच्या उलट घडते. कर्जाचा खरा आकडा एकालाच ठाऊक असतो, आणि ज्या गृहिणीच्या दागिन्यांवर सोनेतारण काढलेले असते तिलाही किती हप्ते उरले हे माहीत नसते. ज्यांना ध्येयच ठाऊक नाही, त्यांना काटकसर ही शिक्षा वाटते.

म्हणून पगाराच्या आठवड्यात महिन्यातून एकदा अर्धा तास बसून एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : या महिन्यात किती मुद्दल घटले, किती हप्ते उरले आणि पुढचा टप्पा कोणता. मुलांना सर्व तपशील सांगण्याची आवश्यकता नाही. पण यंदाची सहल का पुढे ढकलली, हे त्यांना कळावे. या बैठकीत मागील चुकांचा पाढा वाचू नये. तसेच दवाखान्यासारख्या आकस्मिक खर्चासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. अन्यथा एका आजारपणात नवे कर्ज होते आणि सर्वांचाच धीर सुटतो. प्रत्येक सदस्याला स्वतःच्या इच्छेने खर्चण्यासाठी अल्पशी रक्कम ठेवणेही हितावह असते.

मर्यादा व निष्कर्ष

उत्पन्नातून घरखर्च भागवून हप्ता निघतच नसेल, तर कोणतीही प्रेरणा पुरी पडत नाही. अशा वेळी हप्ता थकण्यापूर्वीच बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे जाऊन मुदतवाढीची वा पुनर्रचनेची लेखी मागणी करावी. एका देण्यासाठी दुसरीकडून चढ्या व्याजाने रक्कम उचलणे हा उपाय नव्हे.

सारांश, कर्जफेडीची उमेद उपदेशाने टिकत नाही. मुद्दल हळू का घटते याचे ज्ञान, डोळ्यांसमोर असणारा जवळचा टप्पा आणि सर्वांना खुला असलेला हिशेब यांच्या आधारे ती टिकते. एकट्याने लपवून वाहिलेले ओझे कुटुंबाला दुभंगवते, तर वहीत मांडलेले तेच ओझे सर्वांनी मिळून उचलण्याजोगे होते.