कौतुकाच्या मुळाशी कुतूहल : हंगाम संपताना लहान खेळाडूंना काय द्यावं?



तत्त्वज्ञानाच्या माणसाकडून लोक न्याय, स्वातंत्र्य, सत्य असल्या भारदस्त विषयांची अपेक्षा करतात. आजचा विषय त्यामानाने घरगुती आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं होतात, वार्षिक परीक्षेच्या आधी क्रीडामंडळांचे बक्षीस समारंभ होतात. टेबलावर चषक मांडलेले असतात, प्रमुख पाहुणे येतात, हार-नारळ होतात आणि दहा-बारा वर्षांची मुलं मांडी घालून दोन तास बसतात. त्यातल्या पाच-सहा जणांची नावं पुकारली जातात. बाकीची मुलं टाळ्या वाजवून घरी जातात. ही बाकीची मुलं पुढच्या हंगामात मैदानावर येतील का? हा आजचा प्रश्न, आणि माझ्या मते तो तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे.

कारण असं बघा, खेळ सोडणारी मुलं सहसा भांडून सोडत नाहीत. ती नुसती यायची बंद होतात. आई म्हणते, आता आठवीचा अभ्यास आहे. मुलगा हो म्हणतो. पण त्या ‘हो’च्या मागे त्याने एक हिशेब केलेला असतो : मी मैदानावर होतो काय, नव्हतो काय, कुणाला काय फरक पडला? या हिशेबाला उत्तर देणं हे हंगामाच्या शेवटच्या दिवसाचं खरं काम आहे.

शब्दापासून सुरुवात

आपल्याकडे या कामासाठी एक सुंदर शब्द आहे, कौतुक. आज आपण तो ‘स्तुती’ या अर्थाने वापरतो. संस्कृतात मात्र कौतुक म्हणजे कुतूहल, जाणून घ्यायची उत्सुकता. मराठीतही तो जुना अर्थ पुरता गेलेला नाही. ‘मला कौतुक वाटतं’ असं म्हणताना आपण नवल आणि प्रेम दोन्ही एकदम सांगत असतो. आजी नातवाचं कौतुक करते तेव्हा ती आधी त्याच्याकडे टक लावून बघत बसलेली असते.

म्हणजे क्रम असा आहे : आधी बघणं, मग नवल, मग शब्द. आपल्या समारंभांत शेवटची पायरी उरली आहे, पहिल्या दोन गळून पडल्या आहेत. माझं आजचं सगळं म्हणणं एका वाक्यात मावतं. बक्षीस म्हणजे ‘तुला कुणीतरी नीट पाहिलं’ याचा पुरावा. ज्या बक्षिसामागे पाहणं नाही, ते कितीही चकाकलं तरी मूल ते बरोबर ओळखतं.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमेकियन एथिक्स’च्या पहिल्याच भागात सन्मानाबद्दल एक मार्मिक निरीक्षण केलं आहे. तो म्हणतो, सन्मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो. आणि माणसं सन्मान मागतात ती जाणत्यांकडून आणि आपल्याला ओळखणाऱ्यांकडून, कारण आपण चांगले आहोत याची त्यांना खात्री हवी असते. आता आपल्या प्रमुख पाहुण्यांकडे बघा. ते भले गृहस्थ असतात, पण त्यांनी त्या मुलीला एकदाही खेळताना पाहिलेलं नसतं. चषक त्यांच्या हातून मिळतो, खात्री मिळत नाही.

दोन प्रकारचे आदर

पालकांच्या सभेत एक वाद हमखास होतो. एक बाजू म्हणते, सगळ्यांना बक्षीस द्या, मुलं हिरमुसतात. दुसरी म्हणते, सगळ्यांना दिलं तर त्याला काय किंमत? हा वाद सुटत नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलं आहे.

स्टीफन डार्वल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७७ साली एका निबंधात आदराचे दोन प्रकार वेगळे केले. एक आदर माणसाला माणूस म्हणून मिळतो. तो कमवावा लागत नाही, आणि त्यात कमी-जास्तही नसतं. दुसरा आदर कर्तृत्वाला मिळतो. तो कमवावाच लागतो, आणि त्यात तरतमभाव असणारच. सहभागाची ढाल देताना आपण पहिला आदर दुसऱ्याच्या वेष्टनात गुंडाळून देतो. मूल वेष्टन उघडतं आणि आत काहीच नाही असं त्याला वाटतं.

आपल्या गावजत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाला हा फरक पूर्वीपासून माहीत आहे. तिथे आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर, नारळावर. मोठ्या इनामाची, मानाची कुस्ती शेवटी. इनामात फरक आहे, आणि तो कुणी लपवत नाही. पण माती तीच, हलगी तीच, भोवतालची गर्दीही तीच. सात वर्षांच्या पोराला ‘तू या मैदानाचा आहेस’ हे सांगितलं जातं, आणि ‘तू पहिला आलास’ असं खोटं सांगावं लागत नाही.

वस्तूची किंमत आणि मानाची किंमत

हिरोडोटसने एक गोष्ट नोंदवली आहे. इसवी सनपूर्व ४८० मध्ये इराणी फौज ग्रीसमध्ये शिरली तेव्हा ग्रीक लोक ऑलिंपिकचे सामने भरवत होते. इराण्यांनी चौकशी केली, जिंकणाऱ्याला काय मिळतं? उत्तर आलं, ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. तेव्हा एक इराणी सरदार चकित झाला : पैशासाठी न झगडता केवळ गुणवत्तेसाठी झगडणाऱ्या माणसांशी लढायला तुम्ही आम्हाला आणलंत! ग्रीक विजेत्यांना त्यांच्या त्यांच्या नगरात पुढे भरपूर लाभ मिळत, हेही खरं. पण ऑलिंपियात हातात पडायची ती झाडाची डहाळीच.

आता आपल्या सातारा जिल्ह्यात या. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हा कराडजवळच्या त्यांच्या गोळेश्वर गावाकडे शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या गाड्या विकत आणलेल्या नव्हत्या. लोकांनी आपल्या बैलजोड्या सजवल्या, आपला दिवस मोडला. देणाऱ्याने स्वतःचं काहीतरी घातलं की मानाला वजन येतं. दुकानातून घाऊक भावाने आणलेल्या चषकात देणाऱ्याचं पैशांखेरीज काहीच गेलेलं नसतं.

बक्षीस उलटतं तेव्हा

इथे मानसशास्त्राचा एक प्रयोग सांगतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांजवळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

यावरून बक्षिसं वाईट, असा निष्कर्ष काढू नका. करार वाईट. ‘हे कर, मग ते देईन’ म्हटलं की खेळाचं काम होतं. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. योजना चांगल्या हेतूची आहे, पण ‘गुण मिळाले, आता खेळ पुरे’ असं म्हणणारी घरं तुम्हीही पाहिली असतील.

दुसरा प्रयोग क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा, १९९८ सालचा. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. पुढची कोडी मुद्दाम कठीण दिली. अपयश आल्यावर ‘हुशार’ मुलं लवकर ढेपाळली, मेहनतवाली चिकाटीने बसली. बघा, शाबासकी दोघांनाही मिळाली होती. पण एकीने मुलाला शिक्का दिला, दुसरीने त्याने काय केलं ते सांगितलं.

मग करायचं काय?

आता व्यवहाराकडे येऊ. उदाहरण खो-खोचं घेतो, कारण तो आपल्या मातीतला आहे आणि त्यात न दिसणारं काम फार आहे. आठ खेळाडू चौकांत आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसतात, नववा धावतो. गुणपत्रिकेवर नाव लागतं ते गडी बाद करणाऱ्याचं. पण त्याच्या आधी ज्याने अचूक क्षणी खो दिला, आणि त्याच्याही आधी ज्याने पळणाऱ्याला खांबाकडे रेटत नेलं, त्यांचं काय? ‘उत्कृष्ट आक्रमक’, ‘उत्कृष्ट संरक्षक’ आणि ‘अष्टपैलू’ ही तीन बक्षिसं जरूर द्या. ती दुसऱ्या प्रकारच्या आदराची आहेत, ती पातळ करू नका. त्यांच्या जोडीला पुढच्या गोष्टी करा.

पहिली, हंगामाची वही. प्रशिक्षकाने प्रत्येक सरावानंतर दोन-तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिहायची. ‘आज खो मिळेपर्यंत उठली नाही, आणि मिळताच उठली.’ ‘बाद झाल्यावर पंचांशी न भांडता बाहेर आला.’ शेवटच्या दिवसाचं सगळं भांडवल या वहीत आहे. वही नसेल तर बाकीचे उपाय नुसती सजावट.

दुसरी, मानपत्र. आपण मानपत्र साठी-पंचाहत्तरीला देतो. ते अकरा वर्षांच्या मुलीला का नको? पाच ओळी, साध्या कागदावर, हाताने लिहिलेल्या. नियम एकच : विशेषणं नकोत, क्रियापदं हवीत. ‘गुणी, जिद्दी, होतकरू’ हे कुणालाही चिकटतं. ‘जूनमध्ये तू खांबाजवळ सूर मारायला घाबरायचीस, डिसेंबरमध्ये दोनदा मारलास’ हे फक्त तिचंच. आणि ते पाहुण्यांनी वाचू नये, तिच्याच संघातल्या मुलाने किंवा मुलीने वाचावं.

तिसरी, स्वतःशी तुलना. पळतीच्या वेळी कोण किती सेकंद टिकलं हे आपण नोंदवतोच. पहिल्या महिन्याचा आणि शेवटच्या महिन्याचा आकडा शेजारी शेजारी लिहून द्या. बारा सेकंदांवरून पस्तीसवर गेलेल्या मुलाला दुसऱ्या कुणाला हरवावं लागत नाही.

चौथी, वारसा. जाणाऱ्या मोठ्या मुलांनी धाकट्यांच्या हातात काहीतरी सोपवायचं. मैदान आखायच्या फक्कीचा डबा असेल, साहित्याच्या खोलीची किल्ली असेल. बाजारात त्याची किंमत शून्य. पण ‘उद्यापासून मैदान तू आखायचंस’ हे वाक्य ज्याने ऐकलं, तो उद्या येतोच.

पाचवी मला सगळ्यात आवडते : मुलांना मान देऊ द्या. प्रत्येक मुलाने हंगामात आपल्याला मदत करणाऱ्या एका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याला एक फूल द्यायचं. पाणी मारणारे काका, पहाटे डबा करणारी आई, बूट उसने देणारा मित्र. ज्याला मान देता येतो, त्याला मान कळतो.

आणि दुखापतीमुळे मध्येच थांबलेल्या मुलाला त्या दिवशी घरी जाऊन घेऊन या. ही सहावी. तिला स्पष्टीकरण लागत नाही.

काही गोष्टी टाळाव्यात. गमतीच्या पदव्या, ‘लेटलतीफ’, ‘सर्वात जास्त खाणारा’, मोठ्यांना हसवतात. ते मूल वर्षभर ते नाव घेऊन फिरतं. मुलांच्या चषकापेक्षा मुलींचा चषक लहान, हे अजूनही दिसतं, ते आजपासून बंद करा. आणि भाषणं आवरा. माझ्यासारख्या निवृत्त प्राध्यापकाला बोलावलंत तर आधी घड्याळ दाखवा.

श्रोत्यांचे प्रश्न

एका प्रशिक्षकांनी विचारलं आहे : आमच्याकडे ऐंशी मुलं आहेत. प्रत्येकाचं मानपत्र कसं जमणार?

रोज तीन मुलांकडे बघायचं ठरवलं, तर सत्तावीस सरावांत ऐंशी होतात. हंगामात सराव त्याच्या कितीतरी पट असतात, म्हणजे प्रत्येकाबद्दल तीन-चार ओळी सहज जमतील. समारंभात ऐंशी मानपत्रं वाचायला वेळ नसेल, तर दहा-दहाच्या गटात मैदानावर गोल करून वाचा. मंडप लागत नाही. आणि एखाद्या मुलाबद्दल वहीत एकही ओळ नाही असं मध्येच लक्षात आलं, तर फारच उत्तम. उद्या कुणाकडे बघायचं ते कळलं.

दुसरा प्रश्न एका पालकांचा : माझी मुलगी वर्षभर राखीव होती, तिला खरंच फारसं जमत नाही. तिचं खोटं कौतुक करायचं का?

मुळीच नाही. मुलांना खोटं कौतुक दयेसारखं लागतं. पण वर्षभर संधी न मिळता जी सरावाला येत राहिली, तिने काय केलं ते नीट आठवा. ती काय बघत होती, कुणाला पाणी देत होती, संघ हरताना कुठे उभी होती? तिच्यात सांगण्याजोगं काही नाही, असं म्हणण्याआधी आपण किती वेळ तिच्याकडे पाहिलं ते विचारा. काहीतरी सापडेल, आणि जे सापडेल तेवढंच सांगा. एक खरी ओळ पुरते.

वेळ झाली. थांबतो.